जुहूला उतरलेलं टपाल

15 ऑक्टोबर जवळ आला की आपण शाळेत वाचन प्रेरणा दिनाच्या तयारीला लागतो. डॉ. कलामांचा फोटो, पुस्तकांचं प्रदर्शन, सगळं छान. पण त्याच तारखेला, 1932 साली, मरोळहून फार लांब नसलेल्या जुहूला एक छोटं विमान उतरलं होतं. ते मात्र आपल्या फळ्यावर येत नाही. आलंच तर 'भारतीय विमान वाहतुकीचे जनक कोण?' एवढ्या एका प्रश्नापुरतं.

माझं म्हणणं असं, की हा धडा थोर पुरुषाचा म्हणून नको, टपालाचा म्हणून शिकवूया.

त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन निघाले. सोबत प्रवासी नव्हते, 25 किलो टपाल होतं. इम्पीरियल एअरवेजने विलायतेहून कराचीपर्यंत आणलेलं. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं, आणि ते इंधन आलं होतं बैलगाडीतून! (बैलगाडी आणि विमान एकाच चित्रात काढायला सांगा, वर्ग खूश होतो.) जुहूहून पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. ते ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक. मुळात ही कल्पना टाटांकडे त्यांनीच नेली होती. किती मुलांना त्यांचं नाव ठाऊक असतं?

इम्पीरियलच्या पाठीशी ब्रिटिश सरकारचं अनुदान होतं. टाटांना ते मिळालं नाही, नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे मिळायचे. पहिल्या वर्षाचे आकडे गणिताच्या तासाला द्या: 155 प्रवासी, सुमारे 10 टन टपाल, 60,000 रुपये नफा. वर्षभरात 155 माणसं! आज एकाच विमानात याहून जास्त बसतात. मग कंपनी जगवली कोणी? पत्रं लिहिणाऱ्यांनी. हे उत्तर मुलं स्वतः काढतात.

पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, म्हणून सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. जुलैत गुडघाभर पाण्यातून शाळेत येणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

'एअर इंडिया' हे नाव 1946 चं, सरकारीकरण 1953 चं, आणि 2022 मध्ये ती पुन्हा टाटांकडे गेली. हे दोन ओळींत उरकलं तरी चालेल.

मला काळजी वेगळीच आहे. आपल्या भागात विमानतळावर सामान चढवणारे, सफाई करणारे, गाड्या चालवणारे पालक आहेत. नुसतं 'जनक' पाठ करून घेतलं तर त्यांच्या मुलांना आपल्या घरातलं काम या इतिहासात कुठेच सापडत नाही. खरं तर ही कंपनी उभी राहिली तीच मालवाहतुकीवर.

म्हणून येत्या 15 ऑक्टोबरला पुस्तक वाचनाबरोबर प्रत्येक मुलाकडून एक खरं पत्र लिहून घ्या, गावच्या आजीला किंवा मामाला, तिकीट लावून. आणि मालवाहतुकीत काम करणारे एखादे पालक असतील तर त्यांना अर्धा तास वर्गात बोलवा. गोणी विमानात कशी चढते, ते आपल्यापेक्षा त्यांना चांगलं सांगता येईल.