बिनबटणांचे यंत्र

जानेवारी 2005 मध्ये ॲपल या अमेरिकन कंपनीने 'आयपॉड शफल' नावाचे चिमुकले संगीतयंत्र विक्रीस आणले. किंमत 99 डॉलर, वजन अवघे 22 ग्रॅम, आणि पोटात सुमारे 120 गाणी! त्याला पडदा मात्र नव्हता. पुढे कोणते गाणे लागेल, हे डोळ्यांना दिसत नसे. कित्येकांना ही उणीव वाटली. धावता धावता ऐकणाऱ्यांना तीच सोय वाटली. स्वल्प किमतीच्या वस्तूत काहीतरी वगळावे लागतेच. प्रश्न एवढाच की, वगळावे काय?

2009 साली या प्रश्नाचे उत्तर चुकले. त्या वर्षीच्या यंत्रावरून गाणे बदलण्याची बटणेच नाहीशी झाली. ती इयरफोनच्या तारेवर गेली. यंत्र गाण्याचे नाव बोलून सांगू लागले, हे खरे, आणि ते दिसेही मोठे सुबक. परंतु गाणे पुढे नेण्यास तेच बटण दोनदा दाबा, मागे नेण्यास तीनदा! घरातला साधा इयरफोन जोडला, तर यंत्र हुकूमच मानीना. किंमत 79 डॉलर. पण मूळचा इयरफोन बिघडला, की नव्याचा भुर्दंड आलाच. मग ती स्वस्ताई कसली?

ग्राहकांची ही तक्रार हट्टाची नव्हती. रेखाटन करणारा यंत्र डोळ्यांनी पाहतो. वापरणाऱ्याचे बोट ते खिशात चाचपडत असते. सप्टेंबर 2010 मध्ये बटणे परत आली, किंमतही 49 डॉलरवर उतरली. लोकांना बटणांची उणीव भासली, हे कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीरपणे मान्य केले. 2017 साली या यंत्राची विक्री थांबली, तोवर ती बटणे जागची हलली नाहीत.