आकाशातली वाट, जमिनीवरच्या खुणा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने आकाशाकडे पाहून फार तर कविता करावी, विमान चालविणे हे गणित-भौतिकशास्त्रवाल्यांचे काम, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला हे दोन विषय हवेत, या वर्षानुवर्षांच्या अटीने तो अधिकच पक्का केला. ही अट काढण्याचा विचार सुरू झाल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. कला शाखेची मुले विमान कसे चालविणार, असा प्रश्न यावर कुणीही विचारील. परंतु वैमानिक वाट कशी शोधतो हे पाहिले, तर या प्रश्नातील धार बरीच बोथट होते.

त्यासाठी दूर जावयास नको. गोंदियाजवळचे बिरसी विमानतळ इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते. तेथे देशभरातील तरुण विमानविद्या शिकावयास आले. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावे लागते आणि त्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, एकट्याने केलेला एक प्रवास असावा लागतो. नवशिका हे उड्डाण दिवसाउजेडी, जमीन पाहत करतो. त्याला ढगांत शिरण्याची मुभा नसते. दृष्टी किमान पाच किलोमीटर पोचली पाहिजे, असा नियम आहे.

बिरसीहून नागपूरला निघालेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. हे अंतर सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा तिरोड्यावरून जाते, वैनगंगा ओलांडते आणि निम्म्या वाटेवर मोहाडीशी पोचते. १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेगाने मोहाडी बावीस मिनिटांत व नागपूर चव्वेचाळीस मिनिटांत यावे. येथवर हा त्रैराशिकाचा हिशेब आहे. आता उजवीकडून १० नॉटचा आडवा वारा आहे असे समजा. विमानाचे नाक नेमके रेषेवर ठेवले तरी विमान डावीकडे वाहत जाणार. वैमानिकांचा एक साधा आडाखा आहे: साठ किलोमीटर जाऊन एक किलोमीटर बाजूला सरकलात, तर एक अंशाची चूक. येथे वाऱ्याचा वेग विमानाच्या वेगाचा दहावा भाग, म्हणून चूक सहा अंशांची. मोहाडीशी विमान सात किलोमीटर दक्षिणेला असेल आणि नागपूरच्या वेळेला तेरा-चौदा किलोमीटर! दृष्टी पाच किलोमीटरचीच असेल, तर धावपट्टी दिसणारच नाही. मात्र मोहाडीशीच ही चूक ओळखली, तर सहा अंश वाहणे थांबविण्यासाठी व सहा अंश रेषेवर परतण्यासाठी, असे बारा अंश उजवीकडे वळले की काम झाले. यात सातवीच्या पलीकडचे गणित कोठे आहे?

खरी कसोटी आहे ती जमीन वाचण्याची. नियम असा की आधी घड्याळ पाहावे, मग नकाशा आणि शेवटी जमीन. म्हणजे ‘आता बावीस मिनिटे झाली, नकाशाप्रमाणे नदी मागे पडलेली असावी,’ असे मनाशी ठरवून खाली पाहायचे. याउलट आधी खाली पाहून दिसेल ते नकाशात शोधणाऱ्याची हटकून फसगत होते, कारण मन आपल्याला हवे तेच गाव तेथे बसविते. आपल्या जिल्ह्यात तर ही फसगत ठरलेलीच. कोहळ्यांनी बांधलेले शेकडो तलाव वरून भावंडांसारखे दिसतात. उन्हाळ्यात त्यांतले कितीतरी आटतात, आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या की प्रत्येक बांधी तलावासारखी चमकते. म्हणून वैनगंगेचे वळण, मुंबई-हावडा लोहमार्ग, तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या अशा ठळक व एकमेकींना दुजोरा देणाऱ्या खुणाच धराव्या लागतात. कोणता तलाव कोणत्या महिन्यात कोरडा पडतो, हे ज्ञान भूगोलाचे आहे, आणि ते बांधावरच्या शेतकऱ्यापाशी आपल्यापेक्षा अधिक आहे.

कुणी म्हणेल, आता उपग्रह वाट दाखवितात, मग ही उठाठेव कशाला? उपकरण जरूर वापरावे. पण ते बंद पडते, त्याचे संकेत अडविले जातात. आणि ते चुकले हे कळण्यासाठीही स्वतःचा अंदाज आधी असावा लागतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा उपग्रह नव्हते. या विद्येत ढिलाई चालत नाही. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ रानात कोसळून प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघांचेही प्राण गेले. त्याच्या कारणांत शिरण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण आकाशात शिकणे किती जोखमीचे आहे, एवढे तरी त्यावरून ध्यानात यावे.

म्हणून माझे म्हणणे दुहेरी आहे. गणिताच्या बागुलबुवाने कला शाखेच्या मुलामुलींना या वाटेवरून हाकलू नये. त्याचबरोबर आपणही या वाटेला लायक व्हावे. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात स्थलनिर्देशक नकाशा टेबलावर पसरून रंगवायचा, गुण घ्यायचे आणि गुंडाळून ठेवायचा, ही रीत बदलली पाहिजे. वर्षातून एकदा तरी प्राध्यापकांनी आम्हांला नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ देऊन वैनगंगेच्या काठी न्यावे आणि विचारावे, “सांगा, आपण कोठे आहोत?” आमच्यापैकी वैमानिक एखादाच होईल, पण आपण कोठे उभे आहोत आणि वारा आपल्याला कोणीकडे नेतो आहे, हे कळण्याची गरज कोणाला नाही?