शिपायाचे गाव कोणते?

आपल्या सीमाभागात ओळख निघाली की पहिला प्रश्न गावाचा. मराठीत ‘गाव कुठलं?’, कन्नडमध्ये ‘निम्म ऊरु यावुदु?’ आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो की ‘तुजो गांव खंयचो?’ आपल्याकडे गाव नावातच असते. पेडणेकर, हुक्केरीकर तर आहेतच. कन्नडचे महाकवी कुवेंपु यांच्या नावातला ‘कु’सुद्धा त्यांच्या कुप्पळी गावाचा.

हा प्रश्न आता मुलांच्या खेळातही आला आहे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा छोट्या शिपायांचा युद्धखेळ इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७ साली काढला. सुटे भाग चिकटवून शिपाई तयार करायचे, रंगवायचे आणि टेबलावर पट्टीने अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायची. त्यातल्या ‘स्पेस मरीन’ सैन्यात साधारण हजार-हजार शिपायांची पथके असतात आणि बहुतेक पथकांना स्वतःचा मूळ ग्रह असतो. ‘स्पेस वुल्व्ह्ज’ बर्फाळ फेनरिसचे. ‘सॅलमँडर्स’ ज्वालामुखींच्या नॉक्टर्नचे, म्हणून लोहारकामात तरबेज. ‘डार्क एंजल्स’चा ग्रह तर नष्ट झाला, उरलेल्या खडकाचाच किल्ला करून ते अंतराळात हिंडतात. खेळणाऱ्याला स्वतःचे पथकही काढता येते. मग त्या पथकाचा ग्रह कोणता, हे त्यानेच ठरवायचे.

पेडणे तालुक्यातल्या तुये गावी माझी बहीण राहते. तिच्या मुलाने असे दहा शिपाई रंगवले आहेत. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत तांबडे! कारण विचारले तर म्हणाला, ‘‘मामा, त्यांच्या ग्रहावर चिखल असाच असतो.’’ त्या ग्रहावर जांभ्याचे सडे आहेत, धो धो पाऊस आहे, खाडीकाठची खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध आहे आणि बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे दार आहे. शिपायांचे पहिले काम लढाई नव्हे, बांध राखणे.

गंमत म्हणजे या पथकाला त्याने दुसराही ग्रह दिला आहे. तो काळ्या मातीचा, ज्वारीचा. मुलाचे वडील गोकाककडचे, नोकरीनिमित्त गोव्यात आलेले. घरात मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही चालतात. पाहुणे विचारतात, ‘‘तू खरा कुठला रे?’’ तेव्हा पोरगा खाली मान घालून बसतो. शिपायांविषयी मात्र ठामपणे सांगतो, ‘‘दोन्हीकडचे.’’ हे खेळाला धरूनच आहे. त्यातले ‘इम्पीरियल फिस्ट्स’ही एकाहून अधिक ग्रहांवरून भरती करतात.

मूळ गाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे. तिथली माती, तिथले काम आणि तिथली बोली माणसाबरोबर चालत येते. मंगेशाचे स्थान १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळला आले, म्हणून भक्त कुशस्थळीला विसरले नाहीत. मग दोन मातीच्या मुलाला एकच गाव निवडायला आपण का लावतो?

दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडताना मुलांना जरूर विचारा. ‘मावळा’ या शब्दातच मावळ प्रांत आहे, हेही सांगा. हा मावळा कुठला, त्याच्या घरी काय पिकते, तो आईशी कुठल्या भाषेत बोलतो? उत्तरात दोन गावे आली, तर त्यातले एक खोडायला लावू नका.