सूतभर जागा

मागच्या रविवारी अकोल्यातल्या एका गाण्याच्या कार्यक्रमातून मी मध्यंतराआधीच उठून आले. हे सदर नेमानं वाचणाऱ्यांना माझी सवय ठाऊक आहे. भैरवी झाल्याशिवाय मी जागची हलत नाही, मग शेवटची बस चुकली तरी चालेल. पण त्या दिवशी बसवेना.

गायिका मंचावर आली, तानपुरे गवसणीतून निघाले, तिनं एक मांडीवर आडवा घेतला आणि खुंटीला हात घातला. तेवढ्यात निवेदकानं माईक उचलला. ‘तानपुरे लागेपर्यंत आपण सत्कार उरकून घेऊ.’ अकरा जणांचे सत्कार झाले. शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोपटं आणि प्रत्येकाचा परिचय. त्या गलबल्यात ती बाई दांडीला कान लावून खर्ज शोधत होती. दोनदा तिनं मान वर करून निवेदकाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं तानपुरा मागे बसलेल्या मुलीकडे दिला आणि पिशवीतून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी काढून समोर ठेवली. मला तिचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. जिचं गाणं ऐकायला तीनशे माणसं जमली होती, तिला तिथं दहा मिनिटांची शांतता मिळाली नाही.

मग आवाज. पहिला आलाप सुरू झाला आणि छातीत धडधडायला लागलं. मी उठून ध्वनियंत्रणेवर बसलेल्या पोराकडे गेले. म्हटलं, थोडा कमी कर रे बाळा.

‘काकू, मांगच्या लोकायले आयकू येत नाही ना.’

‘कोणी सांगितलं?’

‘सांगतलं नाही कोनं, पन आयकू येतच नसन.’

पोरगा मन लावून काम करत होता. त्यानं बिनमाईकचं गाणं आयुष्यात कधी ऐकलेलंच नाही, तर त्याला दोष काय द्यायचा? लग्नाच्या हॉलमध्ये, मिरवणुकीत, कीर्तनात, सगळीकडे त्याला एकच माप माहीत आहे. माझी तक्रार आपल्या सगळ्यांशी आहे. ख्याल ही खोलीत वाढलेली गोष्ट. अमरावतीला परकोटाच्या आत आमच्या आजोबांचं घर होतं. माडीवर गाद्या घातल्या की चाळीस माणसं बसत आणि शेवटच्या माणसाला तबल्याच्या शाईवरून बोट घसरल्याचंही ऐकू येई. युरोपातल्या लोकांनी तर अशा संगीताचं नावच खोलीवरून ठेवलं, चेंबर म्युझिक. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. समोर संचालक नाही, चौघं एकमेकांचा श्वास ऐकून वाजवतात. बैठक म्हणजे तेच. आपण मात्र बैठक उचलून सभागृहात नेली आणि खोली मागेच राहिली.

रत्नागिरीच्या फेरीबद्दल लिहीन असं कधीचं म्हणते आहे, ते आज लिहिते. तिथलं आर्ट सर्कल जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरवतं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढं रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी हा लाल राजवाडा उभा राहिला आणि १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. बडनेऱ्याहून कोकणात जाणाऱ्या गाडीत आम्ही तिघी बसलो ते कापसाची वेचणी चालू असलेली शेतं पाहत, आणि उतरलो ते खाऱ्या वाऱ्यात. महोत्सव उघड्यावर असल्यानं माईक होताच, आणि तिथं तो लागतोच.

पण मला त्या तीन दिवसांतली आठवते ती रविवारची सकाळ. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथं पडवीत बारा-पंधरा जण बसले होते. घरच्या काकूंची भाची शिकते, तिनं तानपुरा लावायला घेतला. कोणी बोलेना. शेजारी कोणी नारळ सोलत होता, तोही थांबला. जोडीच्या तारा लागल्या, खर्ज लागला, आणि पंचमाखालचा सुताचा धागा तुटला.

ज्यांनी तानपुरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक धागा सरकवतात. त्यालाच जीव म्हणतात काही जण. धागा योग्य जागी आला की तार उतारावर घासत घासत थरथरते आणि एका सुरातून अनेक सूर फुटतात. खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार आपणहून बोलतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. धागा सूतभर पुढं गेला तर तार मुकी, सूतभर मागे आला तर ती कणकणते. मिरजेचे कारागीर मंगळवेढ्याकडचा भोपळा आणून, वाळवून, महिनोन् महिने खपून तानपुरा घडवतात. २०२४ साली त्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि एवढ्या सगळ्याचा जीव शेवटी त्या दोन इंच सुतावर. सभागृहातल्या मोठ्या कर्ण्यांतून हे काही ऐकू येत नाही, नुसतं घूं घूं येतं.

तर धागा तुटला. काकूंनी शिवणाचा डबा आणला. त्यातली सगळी रिळं पॉलिस्टरची. मुलीनं एक लावून पाहिला, तो निसटायला लागला. मग माझ्या मैत्रिणीनं तिची पिशवी पुढं ओढली. अमरावतीची, जाड्याभरड्या सुती कापडाची, दहा वर्षं धुऊन मऊ झालेली. तिनं दातानं शिवणीतला एक धागा उसवला, जिभेवर ओला करून पीळ दिला आणि मुलीच्या हातात ठेवला.

मुलीनं तो तारेखाली घातला. एका बोटानं तार छेडत, दुसऱ्या हाताच्या नखानं ती धागा सरकवत राहिली. तार मुकी. पुन्हा मुकी. पडवीत सगळे श्वास रोखून तिच्या नखाकडे पाहत होते. मग एका जागी ती तार उघडली, आणि माझ्या मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला.

त्या दिवशी ती मुलगी अर्धा तास देसकार गायली. तानपुरा तिच्या मागे बसून मी वाजवला.