आतडे बाहेर, माणूस वाऱ्यावर



चारचौघांत जी गोष्ट कोणी काढत नाही, ती आज काढतो. टायफॉईडने आतड्याला भोक पडते, बैलाचे शिंग पोटात घुसते, आतड्याला कॅन्सर होतो. अशा वेळी जीव वाचवायला सर्जन कधी कधी आतड्याचे तोंड पोटावर काढतो. त्याला स्टोमा म्हणतात. काहींना तो काही महिने असतो, काहींना जन्मभर. शौच त्यावर चिकटवलेल्या पिशवीत जमा होते.

त्रास सुरू झाला की मोठी माणसे म्हणतात, 'पेशंटच हयगय करतो.' साफ खोटे! ऑपरेशन परभणीला, नांदेडला नाहीतर संभाजीनगरला. पेशंट पाथरी तालुक्यातल्या खेड्यात. पिशवी संपली की तो जुनीच धुऊन लावतो, नाहीतर फडके बांधतो. लहान आतड्याच्या स्टोमातून पाचक रस येतो. तो चामडी सोलून काढतो. सोललेल्या चामडीवर नवी पिशवीही चिकटत नाही. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आकसतो, तेव्हा पिशवीचे भोक पुन्हा मापून कापावे लागते. हे त्याला कोणी शिकवले? कापसाची गाठोडी उचलू नको, हर्निया होईल, हे कोणी सांगितले?

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आली. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. तिच्यामुळे गरिबाचे ऑपरेशन झाले, हे मान्य. पण पॅकेज आखताना घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा धरला १० दिवसांचा! पिशवी लागते महिनोन्महिने. मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण पेरून दिले आणि राखण सोडली तर पीक कोणाच्या घरी जाते, ते मला कळते.

यात फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉ. टर्नबुल यांनी १९५८ साली आपल्याच पेशंटला, नॉर्मा गिल यांना, हे काम शिकवून नेमले. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात नर्सना हे शिक्षण मिळते. मग पाथरीनेच काय घोडे मारले?

आमची मागणी दयेची नाही, पुऱ्या कामाची आहे. एक, पिशव्या ग्रामीण रुग्णालयातून, गरज असेल तोवर, फुकट मिळाव्यात. दोन, तालुक्याला स्टोमाचे शिक्षण घेतलेली एक नर्स हवी. तीन, सुट्टीच्या कागदावर अडीअडचणीला कोणाकडे जायचे ते मराठीत लिहावे.

तोवर हे ध्यानात ठेवा. चांगला स्टोमा ओठाच्या आतल्या भागासारखा लाल व ओला असतो. तो काळा-निळा पडला, रक्त थांबेना, काहीच बाहेर येईना आणि पोट फुगून उलट्या झाल्या, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. पाण्यासारखे जुलाब वाहून लघवी कमी झाली, तर जलसंजीवनी पाजत निघा. सकाळची वाट पाहू नका. लाजू तर मुळीच नका.

लाज वाटायची तर ती अर्धे काम करून हिशेब मिटवणाऱ्यांना वाटू द्या. गावात असा पेशंट असेल तर त्याच्या परवानगीने बैठकीत सांगा. ठराव करू आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू.