रोव्हर्स चषक जिंकणारा विसरलेला क्लब

आमच्या डॉर्ममध्ये फुटबॉलवर वाद सुरू झाला की मेस्सी, रोनाल्डो आणि बंगळुरू एफसी यांच्यापलीकडे कोणी जात नाही. याच शहरातल्या बंगळुरू मुस्लिम्स क्लबचे नाव काढले तर मुले विचारतात, हा कुठल्या लीगमध्ये आहे?

मुंबईत 1891 मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पुढची 45 वर्षे तो ब्रिटिश पलटणींकडेच राहिला. 1937 मध्ये बंगळुरू मुस्लिम्सने तो जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, आणि स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये तिसऱ्यांदा. आपण कॅडेट आहोत म्हणून याची किंमत आपल्याला जास्त कळायला हवी. पलटणीच्या संघाला मैदान, बूट, खुराक, रोजची पीटी सगळे मिळते. क्लबच्या मुलांना फक्त संध्याकाळ मिळते.

मग असा क्लब मागे का पडला? माझ्या मते तो कुठल्याही सामन्यात हरला म्हणून नव्हे. चांगले खेळाडू कलकत्त्याला जाऊ लागले. बंगळुरूचा अहमद खान 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये खेळला, पण त्याचे नाव झाले ते ईस्ट बंगालकडून. त्याला दोष कोण देणार? घर चालवायचे असते. नंतर इथल्या कारखान्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. टेलिफोन बनवणाऱ्या आयटीआयच्या संघाने 1977 मध्ये मोहन बागानला हरवून पहिला फेडरेशन चषक आणला! (आमच्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?) पण कारखान्यांचे संघही टिकले नाहीत. एचएएल 2012 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. त्याआधीच रोव्हर्स चषकही बंद झाला होता.

संतोष ट्रॉफी पाहा. जुन्या म्हैसूर राज्याने ती 1969 पर्यंत चार वेळा जिंकली. त्यानंतर कर्नाटकाला पुढची ट्रॉफी थेट 2023 मध्ये, रियाधला मिळाली. मध्ये 54 वर्षे गेली.

काही जण म्हणतील, आता बंगळुरू एफसी आहे ना. तो संघ मलाही आवडतो. 2013 मध्ये स्थापन होऊन पहिल्याच हंगामात त्याने आय-लीग जिंकली. पण मोठा क्लब तयार खेळाडू विकत घेऊ शकतो. बारा वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी हाक मारून मैदानात आणणारा क्लब त्याच्याच गल्लीत असावा लागतो. अलसूरजवळच्या गौतमपुरात लोकांनी चक्क पेलेचा पुतळा उभा केला आहे. तिथे आवड कमी नाही, मैदाने कमी आहेत.

आणि आपले मैदान रविवारी दुपारी रिकामे असते. महिन्यातून एका रविवारी ते जवळच्या वस्तीतल्या संघांना द्यावे आणि त्यांच्याशी आपला सामना ठेवावा, असे मला वाटते. सुरक्षेचा प्रश्न सर काढतील, आणि तो बरोबरच आहे. पण पालक भेटायला येतात तेव्हा गेटवर नावांची यादी असते, तशीच इथेही करता येईल. गोलपोस्टची जाळी तेवढी आधी शिवावी लागेल.

पहिला सामना आपण हरू, असा माझा अंदाज आहे. आमच्या हाऊसचे दोन्ही बॅक हाफ टाइमलाच दमतात.