दुसरा सर्व्हर आहे हो, पण तो उठतो का?

‘जनरेटर आहे’ आणि ‘लाइट गेल्यावर जनरेटर चालू होतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे हॉस्टेलवर राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. सर्व्हर रूममध्ये मात्र भलेभले हा फरक विसरतात. ‘आमच्याकडे फेलओव्हर क्लस्टर आहे’ एवढं म्हटलं की सगळे निर्धास्त! माझं मत स्पष्ट आहे. ज्या क्लस्टरमधला चालू सर्व्हर कुणी मुद्दाम बंद करून पाहिलेला नाही, तो क्लस्टर नव्हे. ती नुसती दोन सर्व्हरची खरेदी. आणि अर्काइव्ह सर्व्हरच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे.

आता अर्काइव्ह म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर माळ्यावरची ट्रंक येते. जुनं सामान, कधीतरी लागलं तर बघू. प्रत्यक्षात तसं नसतं. एंटरप्राइज व्हॉल्टसारखं सॉफ्टवेअर जुने मेल मेल सर्व्हरवरून उचलून वेगळ्या ठिकाणी ठेवतं, शोधण्यासाठी त्यांची इंडेक्स तयार करतं आणि मेलबॉक्समध्ये फक्त एक शॉर्टकट सोडतं. वापरणाऱ्याला वाटतं, मेल आपल्याकडेच आहे. अर्काइव्ह सर्व्हर झोपला की तो शॉर्टकट म्हणजे पत्ता असलेलं पण घर नसलेलं पाकीट! वर कायद्याचा भाग वेगळाच. आपल्या कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि संबंधित व्हाउचर किमान आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. ऑडिटर समोर बसलेले असताना ‘सर, सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर चालत नाही.

म्हणून क्लस्टर. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० च्या एंटरप्राइज एडिशनबरोबर १९९७ मध्ये ही सोय आणली, तेव्हा तिचं टोपणनाव होतं ‘वुल्फपॅक’, म्हणजे लांडग्यांची टोळी. कल्पना सोपी आहे. दोन सर्व्हर, म्हणजे दोन नोड. एक काम करतो, दुसरा तयारीत बसतो. मेलचा साठा, इंडेक्स, रांगेत उभे असलेले मेसेज हे सगळं दोघांच्या आवाक्यातल्या सामायिक डिस्कवर. बाहेरच्या जगाला दोघांपैकी कुणाचंच नाव माहीत नसतं, एक तिसरंच आभासी नाव आणि आयपी पत्ता माहीत असतो. जो नोड चालू, तो ते नाव धारण करतो. दोघं एकमेकांना सेकंदाला एकदा ‘आहे रे!’ अशी हाक देत असतात. विंडोज सर्व्हर २०१६ च्या बाबतीत एकाच सबनेटमध्ये अशा दहा हाका चुकल्या, की समोरचा गेला असं धरायचं, हे मूळ सेटिंग.

पण हाक ऐकू आली नाही म्हणजे समोरचा गेलाच, असं कशावरून? कदाचित मधली केबलच निघाली असेल. इथेच खरी गोम आहे. मेसमध्ये दोन आचारी आहेत, मधलं दार बंद झालंय, आणि प्रत्येकाला वाटतंय दुसरा आज आलाच नाही. दोघंही आमटीत मीठ घालणार! आमटी फेकून देता येते. पण दोन नोड एकाच डिस्कवर आपापल्या मर्जीने लिहू लागले, तर आठ वर्षांचा साठा खारट झालाच म्हणून समजा. यालाच म्हणतात स्प्लिट ब्रेन. उपाय म्हणजे मतदान. दोन नोडची दोन मतं आणि तिसरं मत साक्षीदाराचं, मग ती छोटी डिस्क असो वा तिसऱ्याच मशीनवरचं शेअर फोल्डर. ज्याच्याकडे बहुमत तोच चालणार, दुसऱ्याने गप्प बसायचं. लिनक्सवाले तर आणखी कडक! समोरचा खरंच मेला की नाही या वादात न पडता ते आधी त्याची वीजच तोडतात. त्या पद्धतीचं नाव ‘स्टॉनिथ’, आणि त्याच्या लांबलचक रूपाचा अर्थ ‘दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’!

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर गिटहबचं उदाहरण बघा. २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. आपोआप फेलओव्हर झाला, डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्यावर गेला. पण पूर्वेकडे लिहिलेल्या काही नोंदी तोवर पश्चिमेला पोचल्या नव्हत्या, आणि आता तिकडेही नव्या नोंदी लिहिल्या जात होत्या. दोन्हीकडचा हिशेब जुळवेपर्यंत सेवा २४ तास ११ मिनिटं लंगडत होती. नेटवर्क तुटलं ४३ सेकंद, निस्तरायला लागला एक दिवस!

सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये एका कंपनीत अर्काइव्हचा क्लस्टर उभा राहताना मी जवळून पाहिला. पहिल्या नोडवरून दुसऱ्यावर सर्व्हिसेस हलवल्या, स्क्रीनवर सगळं हिरवं. चहाची ऑर्डर सुटली. तेवढ्यात तिथल्या सीनियर मॅडम म्हणाल्या, ‘वरच्या मजल्यावर कुणाला तरी एक जुना मेल उघडायला सांगा.’ उघडेना! सगळी सर्व्हिस चालू आणि मेल मात्र बंद. कारण निघालं एका ओळीचं. डीएनएसमधलं टोपणनाव क्लस्टरच्या आभासी नावाकडे न जाता पहिल्या मशीनच्या स्वतःच्या नावाकडे जात होतं. दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत. पण हेच ऑडिटच्या दिवशी कळलं असतं तर? म्हणून चाचणी सर्व्हरसमोर बसून करायची नसते, वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून करायची असते.

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘चालू सिस्टीमला हात कशाला लावायचा?’ भीती खरी आहे, पण अर्काइव्हपुरती ती फार टिकत नाही. अर्काइव्ह थोडा वेळ थांबला तर नवे मेल जर्नल मेलबॉक्समध्ये वाट बघत बसतात, जात नाहीत. म्हणजे रविवारी रात्रीची दहा मिनिटं त्याला सहज परवडतात. त्याला परवडत नाही ते चुकीचं लिहिणं. मग जिथे सराव सगळ्यात स्वस्त, तिथेच तो का टाळायचा?

आणखी एक गैरसमज म्हणजे क्लस्टर आहे तर बॅकअप कशाला! अहो, सर्व्हर दोन असले तरी डिस्क एकच आहे. एका नोडवरून पुसलेला मेल दुसऱ्यावर कुठून दिसणार? आणि ती डिस्कच गेली तर दोन्ही नोड एकमेकांकडे बघत बसतील. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत एनएसईचे व्यवहार ११.४० ला थांबले ते थेट ३.४५ ला सुरू झाले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिंक होत्या, दोन्हींत अडचण आली आणि वर स्टोरेजनेही मान टाकली. राखीव केंद्र होतं, पण कारभार तिकडे नेला गेला नाही. त्यानंतर सेबीने नियम कडक केले, की अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि पुढच्या ४५ मिनिटांत राखीव केंद्रावर जा. असणं आणि वापरणं यातला फरक शेवटी नियम करून शिकवावा लागला.

छोट्या ऑफिसला क्लस्टर हवाच असंही माझं म्हणणं नाही. तिथे रिस्टोअर करून पाहिलेला एक चांगला बॅकअप पुरतो. पण क्लस्टर घेतला, तर साक्षीदार, डिस्क आणि सराव यांचा खर्च दुसऱ्या सर्व्हरच्या आधी धरावा.

आता थोडं आपल्याकडे. हाय अ‍ॅव्हेलेबिलिटीची व्याख्या आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो आणि उत्तीर्ण होतो. माझी शिक्षकांना विनंती आहे की यावर एक प्रॅक्टिकल ठेवा. लॅबमधून काढलेले दोन पीसी, मतासाठी तिसरा, आणि पेसमेकर, कोरोसिंक, डीआरबीडी ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, एवढंच लागतं. जर्नलमध्ये व्याख्या नको. वायर कधी ओढली, किती सेकंदांनी दुसरा उठला आणि काय मोडलं, हे लिहायला लावा. मार्क मोडलेल्या गोष्टी शोधण्याला द्या. जमलं तर त्याच जोडीवर सीनियर बॅचचे प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवू, वेगळ्या बॅकअपसकट.

पीसी कुणी मिळवून दिले तर शनिवारी दुपारी बसून जोडायला मी तयार आहे. वायर ओढायला स्वयंसेवक हवेत, अनुभवाची अट नाही!